तुरुंगाला अतिथी हवा

भायखळ्याचा महिला तुरुंग मुंबईच्या भरवस्तीत आहे. राणीची बाग जवळच. मंत्रालय, उच्च न्यायालय, राज्य मानवी हक्क आयोग, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या हे सगळं त्याच शहरात, टॅक्सीने सहज गाठता येईल इतक्या अंतरावर. २३ जून २०१७ रोजी सकाळी या तुरुंगात वाटपाच्या हिशोबात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले. वॉर्डरचं काम पाहणाऱ्या एका सिद्धदोष महिला कैद्याचा त्यावरून कर्मचाऱ्यांशी वाद झाला. तिला बेदम मारहाण झाली असा आरोप आहे, आणि त्याच रात्री जे. जे. रुग्णालयात तिला मृत घोषित केलं गेलं. पुढे सहा महिला कर्मचाऱ्यांना खुनाच्या आरोपाखाली अटक झाली.

ही बातमी बाहेर कशी आली, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या दिवशी आतल्या बायका छतावर चढल्या आणि ओरडू लागल्या. आजूबाजूच्या इमारतींतल्या लोकांनी माना वर करून पाहिलं, कॅमेरे आले, आणि मग यंत्रणा हलली. मारहाणीपासून मृत्यूपर्यंत कित्येक तास गेले होते. त्या तासांत त्या भिंतींच्या आत असं कोणीही नव्हतं, ज्याचा पगार, बढती किंवा सुटका तुरुंग खात्याच्या हाती नाही.

तुरुंगावर बाहेरच्या, स्वतंत्र माणसांची नजर असावी का, हा प्रश्न तसा जुना आहे. त्याचं उत्तर कागदावर तरी जगभर ‘हो’ असंच दिलं गेलंय, आपल्याकडेही. अडचण आहे ती कोणाची नजर, कधी, कोणत्या दारातून, आणि पाहिलेलं पुढे कोणाला सांगायचं, या तपशिलांत.

आधी आकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंगविषयक अहवालानुसार देशातल्या १,३३० तुरुंगांची क्षमता ४ लाख ३६ हजार २६६ होती आणि आत माणसं होती ५ लाख ७३ हजार २२०. म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. त्यांतल्या सुमारे ७६ टक्के लोकांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. ते कच्चे कैदी. त्या एका वर्षात तुरुंगांत १,९९५ माणसं दगावली. १५९ मृत्यू अनैसर्गिक म्हणून नोंदले गेले, त्यांतल्या ११९ आत्महत्या.

वाचताना लक्ष त्या १५९ कडे जातं. मला काळजी वाटते ती ‘नैसर्गिक’ या रकान्यातल्या १,७७३ जणांची. छातीत कळ आली तेव्हा त्या माणसाने कोणाला हाक मारली, बराकीचं कुलूप किती वेळाने उघडलं, डॉक्टर होता का, रुग्णालयात न्यायला पोलीस पहारा मिळाला का, यातलं काहीही त्या एका शब्दातून कळत नाही. घरात माणूस आजारी पडला तर शेजारी येतो, विचारतो, रिक्षा बोलावतो. तुरुंगात शेजाऱ्याला स्वतःच्या कोठडीचं दार उघडता येत नाही. औषध, पाणी, पांघरूण, पत्र, तक्रार, यातलं प्रत्येक पाऊल एका कर्मचाऱ्याच्या हातून जातं. तो कर्मचारी भला असला तरीही, एका माणसाचा दुसऱ्यावर इतका संपूर्ण ताबा असलेली जागा समाजात दुसरी फारशी नाही. बाहेरच्या नजरेची गरज तिथून सुरू होते.

आदिवासींमध्ये काम करणारे पाद्री स्टॅन स्वामी यांचं उदाहरण पुष्कळांना आठवत असेल. ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते आणि त्यांना पार्किन्सन्सचा आजार होता. हात थरथरत असल्यामुळे पेला धरून पाणी पिणं अवघड. तळोजा कारागृहात असताना त्यांना स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून विशेष न्यायालयात अर्ज करावा लागला. त्यावर आठवडे गेले, गावभर चर्चा झाली, आणि अखेर ती वस्तू मिळाली. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत, कोठडीत असतानाच त्यांचं निधन झालं. त्यांच्या खटल्याबद्दल कोणाचं काहीही मत असो, पाणी पिण्याच्या नळीसाठी न्यायाधीशासमोर जावं लागतं याचा अर्थ त्या तुरुंगात त्याआधीची एकही पायरी काम करत नव्हती. ज्यांच्यासाठी वकील आणि वर्तमानपत्रं धावली त्यांची ही गत. ज्याला कोणीच ओळखत नाही, त्याचा सिपर कोण मागणार?

आपल्या कायद्यात ती मधली पायरी आहे आणि ती इंग्रजांच्या काळापासून आहे. १८९४ च्या तुरुंग कायद्याने तुरुंगांना भेट देणाऱ्या ‘व्हिजिटर्स’ची नेमणूक करण्याचे आणि त्यांना मार्गदर्शन करण्याचे नियम बनवण्याचा अधिकार दिला. त्यातून शासकीय आणि अशासकीय अशा दोन प्रकारच्या भेटकर्त्यांची पद्धत आली. मराठीत यांना अभ्यागत म्हणतात आणि त्यांच्या मंडळाला अभ्यागत मंडळ. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत या मंडळाची रचना दिली आहे. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश. सोबत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, सरकारी वैद्यकीय अधिकारी, बांधकाम खात्याचे अभियंता, शिक्षण आणि समाजकल्याणाचे अधिकारी. आणि अशासकीय बाजूने आमदार, मानवी हक्क आयोगाचा प्रतिनिधी, समाजसेवक, त्यांत स्त्रिया हव्यातच. त्यांनी बराकी पाहाव्यात, स्वयंपाकघर पाहावं, कैद्यांचं ऐकावं आणि भेटपुस्तकात शेरा लिहावा.

कागदावर ही रचना वाईट नाही. न्यायव्यवस्था, प्रशासन आणि समाज तिन्ही तिच्यात आहेत. पण राष्ट्रकुल मानवी हक्क पुढाकार या संस्थेने माहिती अधिकारात देशभरातून माहिती मागवून २०१६ मध्ये अहवाल काढला, तेव्हा असं दिसलं की मंडळ नेमलेलं आहे, ते भेटी देतं आणि बैठकाही घेतं, असे तुरुंग एक टक्कासुद्धा नव्हते. कुठे मंडळच नाही. कुठे शासकीय सदस्य पदसिद्ध आहेत पण अशासकीय जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. ही भरती काही खर्चिक नाही. कोणाला पगार द्यायचा नाही, इमारत बांधायची नाही. गृह विभागातून एक आदेश निघायचा असतो.

आणि मंडळ भरलं, तरी भेट कशी होते? तुरुंगाच्या दारात मुलाखतीसाठी ताटकळणाऱ्या नातेवाइकांना हे आधी कळतं. आत चुना मारायला घेतला, गटारं उपसली, मुलाखतीच्या वेळा अचानक बदलल्या, की कोणी साहेब येणार. भेटीच्या दिवशी भाजीत भाजी असते. अधीक्षक सोबत चालतात, जेलर दोन पावलं मागे. बराकीत कैदी रांगेत उभे केलेले असतात. ‘काही तक्रार?’ असा प्रश्न सगळ्यांना मिळून विचारला जातो. त्या रांगेतला जो कोणी तोंड उघडेल, त्याला संध्याकाळच्या गिनतीला याच जेलरसमोर उभं राहायचं असतं. म्हणून रांग गप्प राहते आणि पुस्तकात शेरा पडतो: कैद्यांची कोणतीही तक्रार नाही.

आपल्या भाषेने इथे एक नेमका फरक फार पूर्वी करून ठेवला आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. अभ्यागत हा साधारणपणे ओळखीचा, कळवून आलेला पाहुणा. आपल्या तुरुंगांना कायद्याने अभ्यागत दिले आणि जगात आज ज्याला स्वतंत्र देखरेख म्हणतात तिला अतिथी लागतो. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१५ मध्ये कैद्यांच्या वागणुकीचे सुधारित नियम मंजूर केले, ते नेल्सन मंडेलांच्या नावाने ओळखले जातात. त्यांतल्या ८३ व्या नियमाने तुरुंग खात्याची स्वतःची तपासणी आणि खात्याबाहेरची स्वतंत्र तपासणी अशा दोन्ही हव्यात असं म्हटलं आहे. ८४ व्या नियमात निरीक्षकाचे अधिकार आहेत: कोणत्या तुरुंगात जायचं ते तोच ठरवणार, न कळवता जाऊ शकणार, कोणत्या कैद्याशी बोलायचं ते तोच निवडणार, ते बोलणं पूर्ण खासगीत होणार, आणि नोंदी त्याला खुल्या असणार. यांतला एक जरी अधिकार काढला, तरी भेट पुन्हा चुन्याच्या वासाची होते.

मराठी माणसाला तुरुंगाचं आतलं जग अनोळखी नाही. आगरकरांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगातल्या १०१ दिवसांवर पुस्तकच लिहिलं. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात शिकलेले, लिहिते लोक हजारोंनी आत जात होते. परक्या सरकारने नेमलेल्या कोणत्याही अभ्यागतापेक्षा तीच माणसं तुरुंगाची खरी साक्षीदार होती. आणीबाणीत तसंच पुन्हा एकदा घडलं. महाराष्ट्रातले शेकडो कार्यकर्ते, प्राध्यापक, पत्रकार येरवडा, नाशिक, ठाण्याच्या बराकींत राहून आले. त्यानंतरच्या काही वर्षांत तुरुंग हा विषय देशात जितका गांभीर्याने घेतला गेला तितका आधी वा नंतर क्वचितच. १९८० मध्ये न्यायमूर्ती मुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली तुरुंग सुधारणा समिती नेमली गेली आणि १९८३ मध्ये तिचा अहवाल आला. लिहिता-बोलता वर्ग आत असतो तेव्हाच तुरुंग दिसतो. आज आत प्रामुख्याने गरीब आहेत; दलित, आदिवासी आणि मुस्लिम त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहेत. त्यांच्या वतीने पाहणारी व्यवस्था मुद्दाम उभी करावी लागेल.

सरकारने ती उभी केली नाही, तेव्हा काही काळ सर्वोच्च न्यायालयच तुरुंगाचा अतिथी झालं. तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्रा यांनी एका न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. स्वतःबद्दल नव्हतं ते. शेजारच्या एका कैद्याचा वॉर्डरने पैशांसाठी क्रूर छळ केला होता, त्याबद्दल होतं. न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका केली. डॉ. वाय. एस. चितळे आणि मुकुल मुद्गल या वकिलांना न्यायालयाचे मित्र म्हणून नेमलं आणि थेट तुरुंगात जाऊन पाहायला सांगितलं. डिसेंबर १९७९ च्या निकालात न्या. कृष्णा अय्यर यांनी जे आदेश दिले, ते आजही वाचण्यासारखे आहेत. जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांनी स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत तुरुंगाला भेटी द्याव्यात, कैद्यांना गाऱ्हाणं मांडायची खरी संधी द्यावी. त्यांच्या हुकमतीखाली तक्रारपेट्या ठेवाव्यात आणि त्या प्रत्येक कैद्याच्या आवाक्यात असाव्यात. नेमलेल्या वकिलांना कैद्यांशी गोपनीय बोलता यावं.

दुसरं प्रकरण मुंबईचं. पत्रकार शीला बर्से यांनी ११ ते १७ मे १९८२ या काळात मुंबई मध्यवर्ती तुरुंगातल्या पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कोठडीत असताना मारहाण झाल्याचं त्यांपैकी पाच जणींनी सांगितलं. बर्से यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन महिलांशी बोलायला सांगितलं आणि तुरुंग महानिरीक्षकांना बजावलं की या बोलण्याच्या वेळी तिथे दुसरं कोणीही हजर राहू नये.

या एका अटीपाशी मी नेहमी थांबतो. खोलीत दुसरं कोणी नसलं तर काय होतं? डॉ. देसाईंच्या अहवालात मारहाणीच्या प्रश्नापलीकडच्या गोष्टी बाहेर आल्या. एका वकिलाने दोन परदेशी महिला कैद्यांना फसवून त्यांच्या पैशांना आणि वस्तूंना हात घातला होता, हेही त्यातच कळलं. मदत मागायला त्यांना वकील मिळाला, आणि त्यानेच लुबाडलं. रांगेत उभं करून ‘काही तक्रार?’ असं विचारल्यावर हे कधी कोणी सांगितलं असतं का? फेब्रुवारी १९८३ च्या निकालात न्यायालयाने कायदेशीर मदतीचे आणि महिलांच्या कोठड्यांचे आदेश दिलेच, शिवाय शहर सत्र न्यायालयाच्या न्यायाधीशाने, शक्यतो महिला न्यायाधीशाने, पोलीस कोठड्यांना अधूनमधून अचानक भेटी द्याव्यात असंही सांगितलं. अतिथी हवा, हे मुंबईच्या बाबतीत तेव्हाच लिहिलं गेलं होतं.

पुढची यादी लांब आहे. माजी सरन्यायाधीश लाहोटी यांच्या २०१३ च्या पत्रावरून देशातल्या १,३८२ तुरुंगांतल्या अमानुष परिस्थितीचं प्रकरण सुरू झालं. त्यात २०१६ आणि २०१७ मध्ये सविस्तर आदेश झाले आणि अभ्यागत मंडळं नेमण्याचीही आठवण करून दिली गेली. डी. के. बसू प्रकरणात २०१५ मध्ये तुरुंगांत सीसीटीव्ही बसवायला आणि अशासकीय अभ्यागतांच्या अचानक भेटींचा विचार करायला सांगितलं गेलं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगात जातीनुसार कामं वाटणारे नियम घटनाबाह्य ठरले. झाडलोट कोणी करायची आणि स्वयंपाक कोणी, हे जातीवरून ठरवणाऱ्या तरतुदी स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ नियमावल्यांत बसून होत्या. इतकी वर्षं जे अधिकारी, जे अभ्यागत, जे न्यायाधीश आत जाऊन आले, त्यांना झाडू कोणाच्या हातात आहे ते दिसलं नसेल असं मानता येत नाही. ते खटकलं मात्र एका पत्रकाराला. न्यायालयाने याच निकालात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांनी मिळून नियमित तपासणी करावी असं सांगितलं. म्हणजे पुन्हा तेच मंडळ, जे बहुतेक ठिकाणी चालतच नव्हतं.

न्यायालयांबद्दल मला कृतज्ञता आहे. पण न्यायालय हे पत्र आल्यावर जागं होतं, आणि पत्र लिहिणारा बत्रा किंवा आत पोचणाऱ्या बर्से रोज मिळत नाहीत.

मानवी हक्क आयोगाबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय आयोगाने १९९३ मध्ये स्थापनेनंतर लगेच, कोठडीतला प्रत्येक मृत्यू चोवीस तासांत आपल्याला कळवावा असा दंडक घातला. ती नोंद राहते, हे मोठं काम आहे. तुरुंगभेटीआधी राज्य सरकारला कळवण्याची मूळ कायद्यातली अट २००६ च्या दुरुस्तीने काढली, हेही चांगलं झालं. पण आयोगाचा निष्कर्ष ही शिफारस असते, तपास पथकात पोलीस अधिकारी असतात, आणि या दुसऱ्या कारणासह इतरही मुद्द्यांवरून जागतिक पातळीवरच्या मानवी हक्क संस्थांच्या महासंघाने २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं आपल्या आयोगाच्या मानांकनाचा निर्णय लांबणीवर टाकला. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानेच करायची, ही २००५ च्या फौजदारी संहितेतल्या दुरुस्तीची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. तिचा उपयोग आहे. पण ती माणूस गेल्यावर सुरू होते.

आता जिथे ही व्यवस्था चालते तिथे काय दिसतं ते पाहू. इंग्लंडचं उदाहरण घ्यावं लागतं, कारण आपले अभ्यागत तिथूनच आले. तिथल्याही तुरुंगांत ‘बोर्ड ऑफ व्हिजिटर्स’ होतं आणि त्यात एक मूलभूत खोट होती. हेच मंडळ कैद्यांची गाऱ्हाणी ऐकायचं आणि हेच शिस्तभंगाच्या प्रकरणांत शिक्षाही सुनवायचं. ज्याने काल शिक्षा वाढवली त्याच्यापाशी आज मन कोण मोकळं करेल? एप्रिल १९९० मध्ये मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात पंचवीस दिवस चाललेलं बंड झालं. न्या. वुल्फ यांच्या चौकशीनंतर १९९२ मध्ये मंडळांचे शिक्षेचे अधिकार काढून घेतले गेले. आज त्यांना स्वतंत्र देखरेख मंडळ म्हणतात. सदस्य बिनपगारी, परिसरातले साधे नागरिक. त्यांच्याकडे तुरुंगाच्या किल्ल्या असतात. कोणत्याही दिवशी, कोणत्याही बराकीत जाऊन ते कैद्याशी एकट्याने बोलू शकतात. आपल्याकडच्या अशासकीय अभ्यागताशी या सदस्याची तुलना केली तर सगळा फरक त्या किल्लीत दिसतो.

त्यांच्या वर आहे तुरुंगांचं मुख्य निरीक्षक कार्यालय. १९८१ पासून ते तुरुंग खात्यापासून वेगळं आहे आणि १९८२ च्या कायद्याने त्याला वैधानिक आधार मिळाला. १९९५ च्या डिसेंबरात निवृत्त लष्करी अधिकारी सर डेव्हिड रॅम्सबॉथम या पदावर नुकतेच आले होते. लंडनच्या हॉलोवे महिला तुरुंगाच्या तपासणीला ते गेले. आत घाण, उंदीर, कोंडून ठेवलेल्या बायका, आणि रुग्णालयात नेताना गरोदर कैद्यांनाही घातलेल्या बेड्या. त्यांनी तपासणी अर्ध्यावर थांबवली आणि पथक घेऊन बाहेर पडले. आधी हे सुधारा, मगच मी तपासणी पूर्ण करेन. लष्करातून आलेल्या, शिस्तीत आयुष्य घालवलेल्या माणसाने असं करणं देशभर गाजलं. त्यांच्यापाशी कोणाला निलंबित करण्याचा अधिकार नव्हता. जे पाहिलं ते जाहीरपणे सांगण्याचा होता, आणि तेवढ्याने सरकारला बाळंतपणाच्या वेळच्या बेड्यांबद्दल उत्तर द्यावं लागलं.

२०१७ पासून या निरीक्षकाला आणखी एक मार्ग मिळाला. एखादा तुरुंग फारच बिघडलेला दिसला तर तो मंत्र्याला तातडीची सूचना देतो, आणि मंत्र्याने अठ्ठावीस दिवसांत जाहीर उत्तर द्यायचं असतं. एवढं असूनही इंग्लंडचे तुरुंग आज सुखात नाहीत. गर्दी इतकी झाली की सप्टेंबर २०२४ पासून हजारो कैद्यांना मुदतीआधी सोडावं लागलं. निरीक्षक गर्दी मोजू शकतो, कमी करू शकत नाही. ते संसदेच्या आणि न्यायालयांच्या हाती. हे मान्य केलं पाहिजे, नाहीतर आपण देखरेखीकडून भलत्याच अपेक्षा ठेवू.

दक्षिण आफ्रिकेचा धडा वेगळा आहे आणि आपल्याला जास्त जवळचा. तिथे १९९८ च्या कायद्यान्वये न्यायिक निरीक्षणालय उभं राहिलं. प्रमुख न्यायाधीश, आणि तुरुंगातुरुंगांत नेमलेले स्वतंत्र भेटकर्ते, जे तक्रारी नोंदवून पाठपुरावा करतात. पण या निरीक्षणालयाचा पैसा तुरुंग खात्याच्या अंदाजपत्रकातूनच यायचा. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ही व्यवस्था घटनेत बसत नाही असं ठरवलं: ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हातात तुमची थैली असेल, तर तुम्ही स्वतंत्र नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाची तुरुंग संस्था १७८७ पासून कैद्यांना भेटते आहे, तरी केंद्रीय तुरुंगांवर बाहेरच्या देखरेखीचा कायदा व्हायला जुलै २०२४ उजाडला.

युरोपातली कल्पना एका बँकरची. जिनिव्हाच्या जाँ-जाक गोतिए यांनी १९७० च्या दशकात विचार मांडला की छळ झाल्यावर चौकशी करण्यापेक्षा, बंदिस्त जागांना कधीही भेट देता येईल अशी व्यवस्था केली तर छळ होण्याआधीच थांबेल. त्यातून १९८७ चा युरोपीय करार झाला आणि पुढे डिसेंबर २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराला पूरक करार. तो २००६ पासून अमलात आहे. त्यात सामील होणाऱ्या प्रत्येक देशाने स्वतःची राष्ट्रीय भेट-यंत्रणा उभारायची. भारत त्यात नाही. मूळ छळविरोधी करारावरच आपण १९९७ मध्ये सही केली आणि अजून तो अनुसमर्थित केलेला नाही. त्यासाठीचं विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेच्या निवड समितीकडे गेलं आणि व्यपगत झालं. २०१७ मध्ये विधी आयोगाने पुन्हा मसुद्यासह शिफारस केली.

तुरुंग हा घटनेनुसार राज्यांचा विषय आहे. म्हणून दिल्लीची वाट पाहण्याचं कारण महाराष्ट्राला नाही. इथे सुरक्षेचा आक्षेप येतो: बाहेरचे लोक आत फिरू लागले तर मोबाइल, अमली पदार्थ, टोळ्यांचे निरोप जातील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण याच राज्यात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पाचे समाजकार्यकर्ते १९९० पासून तुरुंगांत काम करत आले आहेत. विधी सेवेचे वकील आणि स्वयंसेवक आत जातात. त्यांच्या येण्याने भिंती पडल्या नाहीत. निरीक्षकाचीही दारात झडती घ्या. पण कोणाशी आणि काय बोलायचं ते त्याला ठरवू द्या.

सीसीटीव्ही आहे की, असंही सांगितलं जातं. कॅमेरा कॉरिडॉरमध्ये असतो, आणि चित्रीकरण ज्याच्या ताब्यात असतं त्याच्यावरच आरोप असेल तर ते वेळेवर हाती लागत नाही. शिवाय कॅमेरा प्रश्न विचारत नाही. आमटीत डाळ आहे का, हे त्याला दिसत नाही.

तुरुंग कर्मचाऱ्यांचीही बाजू आहे आणि ती मला मनापासून पटते. आर्थर रोडवर अधिकृत क्षमता वर्षानुवर्षं आठशेच्या आसपास होती आणि आत तीन हजारांच्या वर माणसं. रात्रपाळीला एक शिपाई शेकडोंवर लक्ष ठेवतो. डॉक्टरची जागा रिकामी, पहाऱ्याला पोलीस नाहीत म्हणून रुग्णालयाची तारीख हुकते, आणि शिव्या खातो तो शिपाई. अधीक्षकाने वर कितीही पत्रं लिहिली तरी ती फायलीत राहतात. हेच स्वतंत्र निरीक्षकाने विधिमंडळासमोर ठेवलेल्या छापील अहवालात आलं, तर त्या शिपायालाही साथीदार मिळेल.

मला दिसतं ते असं. मंडळांच्या रिकाम्या जागा भरणं हे उद्या होऊ शकतं. भेटपुस्तकातले शेरे आणि त्यांवरची अधीक्षकांची उत्तरं संकेतस्थळावर टाकणंही उद्या होऊ शकतं. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायला सांगतं आणि कैद्याचं नाव झाकून हे करायला काहीच अडचण नाही. मंडळ मात्र पुरं पडणार नाही. जिल्हा न्यायाधीशांना वेळ नसतो, पोलीस अधीक्षक ज्या माणसांना आत पाठवतात त्यांचीच गाऱ्हाणी ऐकायला स्वतः बसतात. राज्याला कायद्याने नेमलेला, गृह विभागाबाहेरचा, स्वतःच्या अंदाजपत्रकाचा कारागृह निरीक्षक हवा. त्याच्या पथकात डॉक्टर हवा, कारण ‘नैसर्गिक’ या शब्दाच्या आत डॉक्टरच शिरू शकतो. बाई हवी. आणि कधीकाळी तुरुंगात राहून आलेला माणूसही हवा. पाण्याचा पिंप कुठे ठेवलाय आणि कोणाला त्याला हात लावू देत नाहीत, हे त्याच्या आधी लक्षात येईल.

सगळ्यांत अवघड गोष्ट निरीक्षक परत गेल्यानंतरची आहे. जो बोलला तो तिथेच असतो. त्याची बराक बदलली जाऊ शकते, मुलाखत नाकारली जाऊ शकते, पत्र हरवू शकतं, दूरच्या तुरुंगात बदली होऊ शकते. संयुक्त राष्ट्रांच्या पूरक करारात बोलणाऱ्यावर सूड उगवण्याला स्पष्ट मनाई आहे, पण मनाईचा कागद बराकीत पहारा देत नाही. म्हणून निरीक्षकाने आठ-पंधरा दिवसांत पुन्हा, न कळवता, त्याच तुरुंगात जाऊन त्याच माणसाला भेटायला हवं, आणि तो जागेवर नसेल तर कुठे आहे हे विचारायला हवं. भायखळ्याला जून २०१७ मध्ये असं विचारायला कोणी नव्हतं. छतावर चढून मृत्यूची बातमी शहराला सांगणाऱ्या त्या दोनशेहून अधिक बायकांवर दंगलीचा गुन्हा दाखल झाला.